चौदा दिवसांच्या गोळ्या

१ डिसेंबर, सोमवार
मोखाड्याच्या डॉ. बाई म्हणाल्या, गोळी घेतली की वहीत खूण करा. चौथीच्या पुढं शाळा नाही माझी, पण एवढं येतं.
माझ्या मंगीच्या बापाच्या पोटात जंतू निघाला. नाशिकला तोंडातून नळी घालून बघितलं. मोठे भाऊजी पोटाच्या कॅन्सरनं गेले म्हणून मीच ओढून नेलं, नाहीतर हाही सोडा पीत बसला असता. चौदा दिवस गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवायची नाही.
स. घेतली. सं. घेतली.

४ डिसेंबर
तोंड कडू पडतं म्हणून कुरकूर. म्हटलं, भाऊजींना शेवटी पेजसुद्धा गिळवत नव्हती, ते आठव. गप गिळली.
आमच्या पोशेऱ्यातल्या बाया सांगतात, कॅन्सर मिरचीनं होतो. डॉ. बाईंना विचारलं होतं मी. म्हणाल्या, हा जंतू वर्षानुवर्षं राहिला की पोट आतून सुजतं, त्यातून काहींना पुढं कॅन्सर होतो. सगळ्यांना नाही. पण तुमच्या घरात एकाला झालाय, तुम्ही जंतू ठेवू नका. हे किती जणींना सांगू. ऐकतंय कोण.

८ डिसेंबर
स. गोळी काढायला पिशवीत हात घातला. रिकामी. सात दिवस झाले, सात दिवसांच्या राहायला पाहिजेत.
म्हणतो, काळूला दिल्या. काळू माझा धाकटा दीर, भिंतीला भिंत लागून राहतो. त्याचंही पोट जळतं. पहिल्याच दिवशी अर्धी पाकिटं कापून दिली, नदीतल्या खेकड्यांचे वाटे घालतात तशी. वर मलाच विचारतो, "भाऊ शेजारी जळतोय न् मी एकटा औषध खाऊ?"
मी काय बोलले ते लिहीत नाही. मंगी वाचते वही.

९ डिसेंबर
दोघांना मोखाड्याला नेलं. डॉ. बाई कपाळाला हात लावून बसल्या. अर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत नाही, उलट औषधाला सरावतो. आता महिना थांबा. मग दोघांची संडासची तपासणी, मग दुसऱ्या गोळ्या.
मला म्हणाल्या, तुमचं पोट कसं आहे? म्हटलं, बरं आहे.
खोटं. दिवाळीपासून जळतंय. दुसऱ्याला ओढत न्यायला पुढं, आणि स्वतःचं सांगायला...
दारातून परत फिरले. संडास आणायच्या डब्या दोन नको, तीन द्या म्हटलं.

८ जानेवारी
काळू तपासणीला नाही म्हणतो. जळजळ थांबली, आता कशाला. आणि असली डबी घेऊन जीपमध्ये बसायची लाज वाटते. मं. चा बाप म्हणाला, "मी नेतो तुझी. माझ्या गोळ्या घेताना लाजला नाहीस ते."
मी एवढंच म्हटलं, भाऊजींचीही जळजळ मधे थांबायची.
काळू उठला. डबी घेऊन गेला.

९ जानेवारी
स. काळूची डबी आमच्या ओट्यावर. उचलली. रिकामी.
मं. चा बाप आमच्या दोन डब्या पिशवीत घालून रस्त्यावर उभा आहे. जीप सातला.
मी काळूच्या दारात बसलेय, वही मांडीवर. आत तो जागा आहे, ढेकर ऐकू आला. मला बसून राहायची सवय नाही. पण बसलेय. आणि डबी उंबऱ्यावर ठेवलीय, बाहेर पडायचं तर तिला ओलांडून.