डिम्फ्नाच्या ट्रॅक्टरला थर्मोस्टॅट

९ फेब्रुवारी, सोमवार
माझ्या बायकोच्या, डिम्फ्नाच्या वडिलांचा ट्रॅक्टर थंडीत गारठतो. पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की रॉकेलवर घ्यायचा, अशी त्याची जुनी तऱ्हा. पण या हवेत तो तापतच नाही. मग धूर, ठसके, आणि बायकोची बडबड. सासरे गार वारा अडवायला रेडिएटरसमोर पोतं टांगायचे. डिम्फ्नाही टांगते. शिकलेल्या माणसाच्या घरात पोतं.
उपाय मला आज चहा पिताना सुचला. थर्मोस्टॅट. पाणी तापेपर्यंत झडप बंद, तापलं की उघडते. पंचक्रोशीत कुणालाच हे सुचू नये याचं नवल वाटलं.
२२ तारखेला नांगरणीची स्पर्धा. सासरे गेल्यानंतरची पहिलीच. कप कायम त्यांच्याकडे असायचा. तो शेजारच्या मॉसी ब्रॉफीच्या घरी जाऊ नये, एवढंच डिम्फ्नाला हवंय. नांगर तिलाच येतो, मला नाही. पण डोकं माझं.
निश्चय: तिला सांगायचं नाही. सरप्राइज.

११ फेब्रुवारी, बुधवार
थर्मोस्टॅट पोस्टाने आला. पबमध्ये मॉसीला सांगितलं. अंदाज घ्यायला, बढाई म्हणून नव्हे. तो म्हणाला, लॉर्कन, डिम्फ्नाला विचारलंस का? म्हटलं, सरप्राइज विचारून देतात का? त्याने ग्लास संपवला आणि घरी निघाला. माणसाला प्रगती सहन होत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
डिम्फ्ना बहिणीकडे गेली. संधी साधली.
वरच्या पाइपाच्या तोंडाशी दोनच बोल्ट. पाणी काढलं, ते बुटात गेलं. सोबतच्या कागदावर बारीक अक्षरं होती आणि चष्मा घरात. कागद अडाण्यांसाठी असतो. थर्मोस्टॅटची फुगीर बाजू इंजिनाकडे की रेडिएटरकडे, एवढाच प्रश्न. मी विचार केला. पाणी कुठे थंड होतं? रेडिएटरमध्ये. मग लक्ष कुठे ठेवायचं? रेडिएटरवर. फुगीर बाजू तिकडे. बँकेत जन्म घालवला, हिशेब चुकत नाही.
बोल्ट सुटू नयेत म्हणून एक पीळ जास्त दिला.
संध्याकाळी ती म्हणाली, आज व्हॅलेंटाइन, फुलं नाहीत का? म्हटलं, तुझी भेट नंतर कळेल. ती माझ्या ओल्या बुटांकडे बघत राहिली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
पॅनकेकचा दिवस. उद्यापासून ईस्टरपर्यंत उपास. सोडणार: बिस्किटं आणि बढाया.
डिम्फ्ना पीठ कालवत असताना चाचणी घेतली. इंजिन चालू केलं, तेवढ्यात तिने पॅनकेकसाठी हाक मारली, बंद केलं. वाफ नाही, गळती नाही. चाचणी यशस्वी.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
दोन बिस्किटं खाल्ली. पण डब्यात तेवढीच उरली होती, म्हणजे मोह संपवलाच म्हणायचा. पबमध्ये आता सगळ्यांना थर्मोस्टॅटबद्दल माहीत आहे. मी फक्त प्रश्नांची उत्तरं दिली. प्रश्नही मीच सुचवले, ते वेगळं.

२२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
तपशीलवार लिहितो, पुढे गैरसमज नको.
स्पर्धेचा नियम असा: एकदा शिट्टी झाली की दोरीच्या आत नांगरणाऱ्याखेरीज कुणी नाही, आणि बाहेरून सल्ला दिला तर गुण कापतात. डिम्फ्नाने पहिली ओळ सुतासारखी ओढली. आज पोतं टांगू नकोस, असं सकाळी मीच म्हटलं होतं. दुसऱ्या ओळीत वाफ. तिसऱ्या ओळीत ट्रॅक्टर किटलीसारखा शिटी वाजवायला लागला.
झडप उलटी बसली होती. इंजिन उकळत होतं आणि झडप थंड बाजूला तोंड करून आरामात बंद बसली होती. हे मला तिथे दोरीला धरून कळलं. ओरडावं तर गुण जाणार, गप्प बसावं तर इंजिन जाणार. म्हणून मी हातवारे केले. पाना फिरवल्यासारखे. पंच म्हणाले, अहो, हासुद्धा सल्लाच झाला.
डिम्फ्नाने माझ्याकडे एकदा बघितलं. इंजिन निवू दिलं, पेटीतला पाना काढला, झडप काढली, कॅनमधलं पाणी ओतलं, आणि थेट पुन्हा नांगराला. उरलेली नांगरट बघायला माणसं दोरीशी दाटली. मॉसीसुद्धा स्वतःची संपवून आला. शेवटची ओळ सरळ आली तेव्हा सगळ्यांत आधी मीच टाळ्या वाजवल्या. थंडीमुळे असेल.
निकाल: मॉसी पहिला, डिम्फ्ना दुसरी. एका गुणाचा फरक. हातवाऱ्यांचे कापले दोन गुण.

२३ फेब्रुवारी, सोमवार
ती चिडलेली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. सकाळी अंडी उकडताना तिला म्हटलं, नेमकी झडपच कशी काढलीस? आत काय बसवलंय ते तुला माहीत नव्हतं.
म्हणाली, अख्ख्या गावाला माहीत होतं, मलाच कसं नसेल? शिवाय बोल्ट तू इतके आवळले होतेस की पाइपाच्या तोंडाला तडा गेला असता. तू बसवलीस त्याच संध्याकाळी मी ते सैल केले.
म्हटलं, मग तेव्हाच काढून का नाही टाकलीस?
तिने अंडी खाली उतरवली. म्हणाली, निवृत्त झाल्यापासून तू पहिल्यांदाच शीळ घालत घरात आलास, लॉर्कन. वाटलं, एवढं मन लावून केलंय, तर बरोबरच बसवलं असशील.
मी बाहेर जाऊन रेडिएटरसमोर पोतं टांगून आलो.