खांबाची पहिली सलामी

ब्रह्माघाट, काशी
ता. ५ जून २०२५

चि. बकुळ हिस,

अण्णाचे व आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. पिनकोडातला एक तू सातासारखा काढतेस. पोस्टमन ओळखीचा म्हणून निभावलं. फोनवर तू जेवले म्हणतेस, मी बरं म्हणतो, आणि संपलं. विचार करून सांगायची गोष्ट कागदावरच यावी हा आपल्या घरचा नियम चेन्नईलाही लागू आहे.

गल्लीत पांडेजी रोज विचारतात की बिटिया काय शिकते. डॉक्टर का, तर नाही. नर्स, तर नाही. मग खेळाची मास्तरीण, तर तेही नाही. शेवटी ते म्हणाले की मग मालिशवाली असेल, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या ओट्यावर चहाला बसलेलो नाही. तरी तू जे होणार आहेस त्याला मराठीत नेमका शब्द काय, ते कळव. गोलमाल शब्द नको.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुला तिथंच राहून काम शिकायचं आहे, हे समजलं. समजलं म्हणजे पटलं असं नव्हे. अखाड्यातला मल्लखांब मी पुन्हा घासून घेतला. शिसवी लाकूड असं उतरलं आहे की हात फिरवताना कुठेही अडत नाही. मला खांबावरचं काही कुणी शिकवलेलं नाही. पडलो, उठलो, तसं आलं. बाकी ठीक. उकाडा फार, म्हणून मी यंदा पुढे बटणं असलेले सदरे शिवून घेतले. बंडी डोक्यावरून ओढायची कटकट गेली.

नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी आहे. उस्तादाने खांबावर चढून पहिली सलामी दिल्याशिवाय दुसऱ्याने खांबाला हात लावायचा नाही, ही आपल्या अखाड्याची रीत तुला सांगायला नको. माझ्यानंतरची दुसरी सलामी तू सातवीपासून देत आलीस. गेल्या वर्षीही दिलीस. यंदाचं काय ते लिही.

ममता पत्रातून दिसत राहो,
यज्ञेश्वर


चेन्नई
ता. १६ जून २०२५

ती. अण्णांना,

इथूनच पायांवर डोकं ठेवते. वि. वि.

एक यापुढे एकासारखा काढीन.

शब्द विचारलात. आमच्या अभ्यासाचं इंग्रजी नाव अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग. त्यामुळे सगळ्यांना वाटतं आम्ही खेळाडूंकडून जोर-बैठका काढून घेतो. खरं तर खेळाडूला चोट लागू नये म्हणून आधी राबायचं, लागली तर मैदानावर पहिलं धावायचं, आणि तो पुन्हा खेळायला उतरेपर्यंत त्याच्याबरोबर राहायचं. मला सुचलेला शब्द क्रीडा-उपचारक. पांडेजींना तो पेलेल का बघा.

आता एक सांगायचं आहे, ते फोनवर जमलं नसतं. मागच्या आठवड्यात व्हॉलीबॉलच्या सरावात एका मुलीचा पाय मुरगळला. जवळ मीच होते. मी पुढचा-मागचा विचार न करता पिशवीतली आपली एरंडेलाची बाटली काढली आणि अखाड्यात तुम्ही चोळता तसा तो घोटा दाबून चोळला, टाचेकडून वर. मला फार बरं वाटत होतं अण्णा, त्या वासानं. डोळे मिटले असते तर मी घाटावर होते. आम्हाला शिकवणाऱ्या गीता मॅडम पळत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या दिवशी घोटा दुधीभोपळ्यासारखा सुजला. ताज्या चोटेला चोळलं की आत फाटलेलं आणखी फाटतं, रक्त पसरतं. आधी आधार, थंड फडकं, पाय उंचावर, आणि तपासणी. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. हातांना मात्र घरचंच आठवलं.

मुलगी बरी होते आहे. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तुझे हात चांगले आहेत, त्यांना थांबायला शिकव.

नागपंचमीला येणं कठीण दिसतं. त्याच आठवड्यात राज्य पातळीवरच्या खो-खो स्पर्धेत माझं काम लागलं आहे. मैदानाच्या कडेला उभं राहायचं पहिलंच काम. खांबाची, दगडी पायऱ्यांची, आईच्या साबुदाण्याच्या थालीपिठाची आठवण येते. तुमची येते हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रागावलात तरी पत्र पाठवा,
बकुळ


ब्रह्माघाट, काशी
ता. २५ जून २०२५

चि. बकुळ हिस,

आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

ब्रह्माघाटापासून शिंदे घाटापर्यंत, आणि पूल ओलांडून रामनगरपर्यंत, ज्यांचे हातपाय या तेलाने दुरुस्त झाले ते लोक आजही वाटेत भेटले की वाकतात. ते सगळे चुकून बरे झाले असं तुमच्या विद्यापीठाचं म्हणणं असेल तर माझं काही म्हणणं नाही. ती मुलगी सुजली ती तू दाब जास्त दिलास म्हणून की तेल कोमट नव्हतं म्हणून, हे कुणी विचारलं का?

खो-खोचं कळलं. काम लागलं म्हणजे करायचंच. मी कुणाला बोलावत नाही. दुसरी सलामी रत्नाकर देईल. तो रामनगरहून रोज पहाटे सायकलने येतो, एक दिवस चुकत नाही.

इथे सर्व ठीक आहे.

यज्ञेश्वर


ब्रह्माघाट
ता. २६ जून २०२५

लाडक्या बकुळला,

आईचा गालावरून हात. वि. वि.

यांचं पत्र काल गेलं. पेटीत टाकून आल्यावर मला विचारतात, जरा कडक झालं का? मी म्हटलं मला कुठे दाखवलंत? तर म्हणे नाही, बिलकुल ठीक आहे, आणि जेवताना तुझ्या पाटाकडे बघत बसले. मनावर घेऊ नकोस. तू गेल्यापासून हे असंच आहे. संध्याकाळी गल्लीत कुणाची चप्पल वाजली की मान वर होते.

बाकी तुझे वडील या वयात छैलछबिले झालेत. बटणांचे चार सदरे शिवले, आणि बटणं लावायला मी! केसही मीच विंचरायचे. म्हटलं लग्नाच्या वेळी एवढे लाड केले असते तर. गंगेवर सूर्याला अर्घ्य हल्ली डाव्या हाताने देतात. भटजीकाकांनी टोकलं तर त्यांच्याशीच वाद घातला. उजव्या खांद्याला रत्नाकर रोज सकाळी तेल चोळतो. चैत्रात खांबावरून उतरताना झटका बसला होता, पण ते म्हणतात आता काही नाही. झोपेत कुशीवर वळले की कण्हतात. स्वप्न पडलं असेल.

लोणचं पाठवते आहे. मैत्रिणींना दे, पण आधी तू घे.

तुझी वाट बघणारी,
आई


चेन्नई
ता. ४ जुलै २०२५

ती. अण्णांना,

वाकून नमस्कार. वि. वि.

तुमचं कडक पत्र आणि आईचं गोड पत्र एकाच दिवशी मिळालं. तेलावर मी आज भांडत नाही.

अण्णा, बंडी डोक्यावरून निघत नाही म्हणून सदरे शिवलेत ना? केस विंचरायला हात वर जात नाही. अर्घ्याचा तांब्या डाव्या हातात गेला. उजव्या कुशीवर झोपवत नाही. आईला हे लाड वाटतात. मला पुस्तकातलं खांद्याचं पान दिसतं. चैत्रापासून तुम्ही त्यावर रोज चोळून घेताय, आणि नागपंचमीला त्याच हातावर अंगाचा सगळा भार टाकून खांबावर चढणार आहात.

मी तिथे असते तर स्वतः बघितलं असतं. नाही, म्हणून तुम्हीच तपासा. भिंतीला पाठ लावून उभे राहा. आईला सांगा, तुमचा उजवा हात कोपर न वाकवता बाजूने खांद्याच्या रेषेपर्यंत तिने उचलायचा आणि सोडायचा. तुम्ही तो हळूहळू खाली आणायचा. हळू आला तर मी मूर्ख, तुम्ही पांडेजींना खुशाल सांगा की बिटिया मालिशवालीच झाली. धप्पकन पडला तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जायचं.

तुम्ही काय लिहाल याची काळजी नाही. माप घेताना तुम्ही कधी लबाडी केलेली मी पाहिली नाही. काळजी एवढीच आहे की तुम्ही माप घेणारच नाही.

हट्ट माझाही तुमच्याच घरचा आहे, त्याला क्षमा असावी,
बकुळ


ब्रह्माघाट, काशी
ता. १४ जुलै २०२५

चि. बकुळ हिस,

आशीर्वाद. वि. वि.

सांगितलंस तसं केलं. पाठ भिंतीला, कोपर सरळ. पहिल्या वेळी तुझ्या आईने हात पुरता खांद्याच्या रेषेत धरला नव्हता म्हणून तो प्रयोग मी धरला नाही. दुसऱ्या वेळी धरला. हात पडला. खांबाला टांगलेली पिशवी पडावी तसा. आई रडायला लागली, तर मलाच तिला पाणी द्यावं लागलं, डाव्या हाताने.

डॉक्टरकडे गेलो. तुझ्याहून फार मोठा नसेल, पण हात लावण्याची रीत चांगली होती. फोटो काढले. खांद्याच्या आतली, स्नायूला हाडाशी बांधणारी पट्टी अर्धी फाटली आहे. अर्धी शिल्लक आहे. गळ्यात झोळी अडकवून हात बांधायचा, चोळायचं नाही, मग हळूहळू व्यायाम. आता वर चढलो तर उरलेली अर्धी जाईल, आणि हात पुन्हा कधी डोक्यावर जाईल याची तो हमी देत नाही. तू लिहिलंस त्यात आणि तो बोलला त्यात मला फरक सापडला नाही. शोधला होता.

आता माझं ऐक. झोळी मी घालीन, पण नागपंचमीनंतर. बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून या खांबाची पहिली सलामी माझी आहे. तापातही दिली; माझी आई गेली त्या वर्षी सुतक होतं म्हणून तेवढी एकच चुकली. उस्ताद खाली उभा आणि खांब कोरडा, हे पोरांना बघायला लावणार नाही. आणि खरं सांगायचं तर, तूही नसशील. तू नाहीस, मीही वर नाही, मग त्या दिवशी अखाड्यात आपल्या घरचं उरलं काय?

एकदाच चढीन. उतरताना सांभाळीन.

काळजी न करता अभ्यास कर,
यज्ञेश्वर


चेन्नई
ता. २१ जुलै २०२५

ती. अण्णांना,

नमस्कार. वि. वि.

काल मॅडमनी मैदानावरची रीत शिकवली. खेळाडू पडला की आम्ही धावतो, बघतो, आणि त्याने पुढे खेळायचं नसेल तर पंचाकडे बघून हात वर करतो. तेवढंच. मग तो बाहेर. त्याचा प्रशिक्षक ओरडू दे, लोक शिट्ट्या मारू देत, तो स्वतः पायाशी लोळू दे, कुणी त्या हातापुढे वाद घालायचा नाही. मी विचारलं की खेळाडूची ती शेवटची स्पर्धा असेल तर? मॅडम म्हणाल्या की हात वर करण्याआधी मनात रडून घे, वर केल्यावर नाही.

मी काल रडून घेतलं.

अण्णा, मी हात वर करते आहे. मैदानावर कुणासाठी करण्याआधी हा पहिला तुमच्यासाठी. मी सातशे कोसांवरून काही थांबवू शकत नाही हे मला माहीत आहे. अखाड्यात तुम्हीच उस्ताद, तुम्हीच पंच. पण मला परत आल्यावर तुम्ही खालून वर उचलून खांबावर धरायला हवे आहात. दोन्ही हातांनी.

तुमचीच,
बकुळ


ब्रह्माघाट, काशी
ता. १ ऑगस्ट २०२५

चि. बकुळ हिस,

आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी सांगतो आहे, लिहिते आहे तुझी आई. माझा हात झोळीत आहे. ती ओळ सरळ ठेवत नाही आणि मला बघू देत नाही. (बघू देते आहे. बकुळ, ओळ सरळच आहे. – आई)

गंगा वर चढते आहे. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, नावा बंद. तरी मंगळवारी नागपंचमीला अखाडा भरला. पांडेजीही आले. मी झोळी घरी ठेवून गेलो, हे आधी सांगतो, कारण आई लिहिणारच आहे. (लिहिणारच होते.) डाव्या हाताने खांबाला एरंडेल लावलं, फुलं वाहिली, लंगोट कसला, तो रत्नाकरने कसून दिला. मी दोन्ही पंजे खांबाला लावले. लाकूड ओलसर लागत होतं, तूही ओळखलं असतंस. पायाची पकड घ्यायची तेवढीच बाकी होती.

मी वर बघितलं. टोकावर कुणीच नव्हतं, पण मला तुझा हात दिसला. हे मी वाढवून सांगत नाही, मला वाढवून सांगता येत नाही. रागही आला. एवढीशी होतीस, खांबाला मिठी मारून रडायचीस आणि मी खालून ओरडायचो की सोडू नकोस. आणि आता तू मला सोडा म्हणतेस. किती वेळ उभा होतो ते कुणाला विचार. मग पंजे काढले.

पोरांकडे वळून सांगितलं की मला बाहेर काढलं आहे. रत्नाकरने विचारलं की उस्ताद, कुणी? मी म्हटलं, आपल्या अखाड्याच्या क्रीडा-उपचारकाने, बकुळने. पांडेजींनी तो शब्द दोनदा विचारून घेतला. दोन्ही वेळा मी नीट सांगितला. त्यांच्या ओट्यावर आज चहा झाला. (दोन कप. – आई)

मग प्रश्न आला की पहिली सलामी कोण देणार. रत्नाकर पुढे झाला नाही, तेवढी समज त्याला आहे. मी सांगितलं, ज्याने उस्तादाला खाली उतरवलं, वर चढायचा हक्क त्याचा. तोवर खांबाला कुणी हात लावायचा नाही. पोरं दोरीवर कसरत करतील. लहान पोरं कुरकुरतात, विचारतात की ताई कधी येणार. दिवाळीत, म्हणून सांगितलं आहे. मला खोटं ठरवू नकोस. खांबाला लाल फडकं गुंडाळलं आहे, आठवड्यातून एकदा सोडून तेल देतो. सुट्टी नाही मिळाली तरी खांब थांबेल. मी फार चांगला थांबणारा नाही, पण डॉक्टर म्हणतो की शिकतो आहे.

खो-खोचं लिही. कुणासाठी हात वर करावा लागला का? लागला तर त्या खेळाडूशी नंतर दोन शब्द बोलत जा. बाहेर बसलेल्याला ते लागतात.

पुरे, आता सही मी करणार आहे. आई नको म्हणते. डाव्या हाताने करतो आहे, अक्षर वाकडं आलं आहे, ते मला दिसतं आहे. तू आलीस की सुधारीन.

यज्ञेश्वर