हॉलमधल्या पियानोची किंमत

३ नोव्हेंबर १९९४, गुरुवार

प्रेबेनचा फोन. हा डुकरं पाळतो आणि गेल्या वर्षापासून गावाच्या हॉलचा अध्यक्षही आहे. दोन्ही कामं एकाच आवाजात करतो! "सिगवर्ड, छप्पर गळतंय. विकण्याजोगं काय काय आहे ते बघतोय. त्या जुन्या खोक्याची किंमत लिहून द्या ना."

पियानोला खोकं! आणि तेही सूर लावणाऱ्या माणसापुढे! 'देतो' म्हणालो. आता दाखवतोच.

५ नोव्हेंबर, शनिवार

हॉलमध्ये गेलो. पियानोची पुढची फळी काढली. आत काय? केसांच्या पिना, उंदराचं घरटं, केकचा चुरा. झाकणावर कॉफीच्या कपांची वर्तुळं – एकात एक. बत्तीस वर्षं थायरा दर गुरुवारी यावर गावाची गाणी वाजवते. वाजवते म्हणजे सतरंजी झटकते. आणि ती बारा म्हातारी माणसं पुस्तकं उघडून तिच्यामागून रेकतात. सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीनं उतरलाय. कुणाच्या कानाला पत्ता नाही!

पण मागची लाकडी फळी – एक तडा नाही. तारांच्या खुंट्या अजून घट्ट. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांचा लोकरी नमदा कसरीनं थोडा खाल्लाय, तेवढंच. काय माणसं होती ती, असं लाकूड निवडणारी!

हा पियानो आधी आमच्या शाळेत होता. बिसगोरबाई एका हातानं वाजवायच्या, दुसऱ्या हातानं खिडकीबाहेर दाखवायच्या. आम्ही माळरानावरची ती लांबलचक कविता म्हणायचो. झाकणावर ऑक्टोबरचं ऊन पडलेलं असायचं. ती कविता मला अजून पहिल्यापासून शेवटपर्यंत येते. थायरा तेव्हाही ओळी गाळायची. प्रेबेनच्या पिढीला तर डुकरांचे भाव सोडून काहीच पाठ नसतं.

७ नोव्हेंबर, सोमवार

काल आणि आज सूर लावत बसलो. थोडं थोडं वर ओढत नेलं. एक तार तुटली नाही! संध्याकाळी खर्जापासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबली. बाहेर धुकं, आत तो आवाज. डोळे मिटले की बाईंच्या साडेआठच्या तासाला बसल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात थायरा कोट न काढताच आत आली.

"अरे, एवढा वर कशाला ओढलास? आमचे गळे तिथवर पोचतात का आता?"

"मग गाऊ नका."

ती हसली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "सिगवर्ड, कागदावर शून्य लिही. 'काही कामाचा नाही' असं लिही. लिहिशील ना? कारण बघ –"

"शून्य? बत्तीस वर्षं त्याला बडवलंस, आता त्याची बदनामी पण करायची?"

"ऐकून तरी घे."

"तुझं वाजवणं ऐकलंय, तेवढं पुरे."

तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. "शाळेत असल्यापासून दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस तू." गेली. तिला संगीतातलं काय कळतं!

८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहिलं. चौदा हजार क्रोनर. वळणदार अक्षरात, खाली सही. एक क्रोनरही वाढवून नाही.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

सभा. कॉफी पाणचट. प्रेबेननं माझा कागद मोठ्यानं वाचला. हॉलभर कुजबुज – आणि कबूल करतो, मला बरं वाटलं. म्हटलं, आता कळली किंमत!

मग तो म्हणाला, "मंडळी, खरं सांगतो, हे फुकट कुणी नेणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. उचलून न्यायलाच दोन हजार पडतात. म्हणून मग राहू दे कोपऱ्यात, गाणाऱ्यांना होईल, असंच ठरत होतं. पण चौदा हजार! अर्धं छप्पर झालं की!"

टाळ्या. हात वर झाले. थायरा आणि तिची बारा जणं सोडून सगळ्यांचे. मी हात कुठे ठेवला होता, आठवत नाही.

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं होतं. ती बशीतल्या केकचे तुकडे करत होती. एकही खाल्ला नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

चार माणसांनी नेला. ओडेन्स शहरातल्या एका वकिलाच्या बायकोला फुलदाण्या ठेवायला हवा होता. "वाजवतं कोण?" मी विचारलं. "छे हो, शोभेला!" मूर्ख बाई. प्रेबेननं माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "तुमच्यामुळे, सिगवर्ड! तुमच्यामुळे!"

तोही मूर्ख. मी –

२२ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही. पाऊस.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी सातला थायराच्या घरी गेलो. खिडकीतून दिसलं – बाराही जणं टेबलाभोवती कॉफी पीत बसलेली. कुणी गात नव्हतं. तिनं दार उघडलं. माफी मागायची म्हणून वाक्य तयार केलं होतं, तोंडातून निघालं भलतंच: "थायरा, मला एक गाणंही वाजवता येत नाही. कधीच येत नव्हतं. फक्त सूर लावता येतात."

"ठाऊक आहे रे," ती म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक आहे. आत ये, थंडी शिरतेय."