काकांचा चौकोन

प्रिय मित्रा,

तीस वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. रक्ताचे नमुने घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तू उंबऱ्यावरूनच परत पाठवलंस. "वेडाचा शिक्का आमच्याच घरावर आहे, आता कागदावरही मारायचाय का?" असं म्हणालास म्हणे. तुझं काही चुकलं नाही.

जन्ममृत्यूची दप्तरं माझ्या ताब्यात, म्हणून बाई महिनाभर माझ्याच टेबलाशी ठाण मांडून होत्या. डोंगरांनी कोंडलेलं आपलं खोरं, पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरीक. अशा ठिकाणी या आजारामागची जनुकं शोधणं सोपं जातं, असं त्यांनी सांगितलं. कधी मन उधाणतं, कधी पार बुडतं, असा तो आजार. मला तुझी आई आठवली. आठवड्यात दोनदा घर रंगवणारी, रस्त्यावरच्या कुणालाही ओढून जेवायला बसवणारी, आणि मग महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली. माझी वेणी त्यांच्याइतकी घट्ट कुणी घातली नाही.

आम्ही घराण्यांचा तक्ता मांडला. बाईसाठी वर्तुळ, पुरुषासाठी चौकोन, आजारी असेल तर आतून काळा. सात पिढ्या मागं गेलो तर तुझं घर, माझं, गिरणीवाल्यांचं, मास्तरांचं, सगळी एकाच जोडप्याला जाऊन मिळाली. बाई म्हणाल्या, एकच एक जनुक नसतं हो, बारीकसारीक पुष्कळ असतात, आणि ती असूनही माणूस आजारी पडेलच असं नाही. तुझ्या आईचं वर्तुळ मी कोरंच ठेवलं. ते सांगणं तुझ्याकडे. माझ्या काकांच्या चौकोनाशी मात्र माझी पेन्सिल दोन दिवस अडून राहिली.

काका 'कामासाठी परमुलखात' असत, असं तुम्ही सगळे ऐकत होता. ते इस्पितळात असत. चौदाव्या वर्षी बाबांबरोबर जाऊन मी त्यांना गजांच्या खिडकीत बसलेलं पाहिलं होतं. त्यांनी मला ओळखलं नाही.

आपल्या लग्नाला नकार देताना बाबा म्हणाले, "त्या घरात वेड आहे." मी दाराआड उभी होते. काकांबद्दल मी एक शब्द बोलले असते तर ते गप्प झाले असते. मी बोलले नाही. सोमवारी मी काकांचा चौकोन काळा केला आणि रक्त दिलं. दादाला जेवताना सांगितलं. तो ताटावरून उठला, अजून बोलत नाही. गावात बोभाटा होण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. नमुना दे, असं मी म्हणणार नाही. आमच्या घरातलं आम्ही झाकलं आणि नाव तुमचं घेतलं. मला तेव्हाही माहीत होतं.

एके काळची तुझीच,
दप्तरवाली