बॅकअप चालू आहे ना?

२२ एप्रिल

शून्य! फुलसावंगीच्या खेमसिंगभाऊच्या खात्यात शून्य फाईल. तीनदा पाह्यलं. पान बंद करून पुन्हा उघडलं. शून्यच.

महिन्याचा अहवाल भरायले बसली होती. एरवी मी कोणाचं खातं उघडूनही पाहत नाही. आमची कंपनी नागपूरची. दुकानदारांच्या कम्प्युटरमधलं सगळं इंटरनेटवर, म्हणजे ‘ढगात’, सांभाळून ठेवते, म्हणजे कम्प्युटर बिघडला तरी काही जात नाही. पुसद ते उमरखेड, दुकानं फिरून मी हेच विकते. खेमसिंग राठोड माझं पहिलं गिऱ्हाईक. फोटो स्टुडिओ. सतरा वर्षांची लग्नं आहेत त्याच्याकडं.

मागच्या जूनमध्ये मीच त्याच्या कम्प्युटरमध्ये ॲप टाकून दिलं. त्या दिवशी तिथं नेट नव्हतं. “नेट आलं की चालू करून घ्या, भाऊ,” म्हटलं अन् बस पकडली. मग दर महिन्याले फोन — “भाऊ, बॅकअप चालू आहे ना?” “एकदम चालू, ताई! चार तास चालते.” मले वाटे, फोटो चढायले चार तास लागत असन. आमच्याकडचं नेट तसंच आहे. अन् मी अहवालात ‘तपासलं’वर खूण करे. तपासलं कुठं? विचारलं फक्त!

उद्या सकाळी फोन करते.

२३ एप्रिल

नाही केला.

२४ एप्रिल

त्याचाच फोन आला. दुपारी एकदा, लगेच पुन्हा एकदा. उचलला नाही. समजलं असन का त्याले? नागपूरले तक्रार केली असन का? अकरा महिने खोट्या खुणा, प्रत्येकीवर माझं नाव. नोकरी तर जाईनच, वरून गावभर बदनामी.

आई म्हणे, “प्रेरणा, उचलत काहून नाहीस? कोणाचा आहे?” “कंपनीचा,” म्हटलं. फोन पालथा ठेवून दिला.

२५ एप्रिल

मार्ग सुचला! उद्या सरळ फुलसावंगीले जायचं. ‘सहज आली, भाऊ’ म्हणायचं, कम्प्युटरवर बसायचं, चालूचं बटण दाबायचं. दोन-चार दिवसांत सगळे फोटो चढतील. कोणाले कायले सांगायचं? काही गेलं तर नाही ना अजून!

आज दोन घास जेवली.

२६ एप्रिल

हे कसं लिहू!

अकराले पोचली. लाइट गेलेली, स्टुडिओतला पंखा मात्र चालू. खेमसिंगभाऊनं पाणी दिलं. मी हसत विचारलं, “बॅकअप चालू आहे ना, भाऊ?” तो म्हणे, “मंग! पाहा ना.” अन् टेबलाखालचा पडदा सरकवला. इन्व्हर्टर. लाल बॅटरी, वर हळदीकुंकू. “चार तास देते पुरे. बॅटरीवाला बी हेच विचारते — बॅकअप किती तास?”

अरे देवा! आपल्याकडं बॅकअप म्हणजे दुसरं काय असते? आमच्या घरी बी आई विचारते, बॅकअप संपला का? अकरा महिने मी हा शब्द त्याले फोनवर विचारत राह्यली अन् तो बिचारा खरंच बोलत राह्यला.

तरी म्हटलं, ठीक आहे, अजून वेळ आहे. कम्प्युटर उघडला. जुन्या लग्नांचे फोल्डर कुठं दिसेनात. “भाऊ, जुनं सगळं?”

“ते पुसलं ना! डिस्क भरली होती, लग्नसराई चालू. तुमीच म्हटलं होतं ना, सगळं ढगात राह्यते. परवा पुसायच्या आधी तुमाले दोन फोन बी लावले, विचारावं म्हून. तुमी कामात असान. मंग टाकलं पुसून.”

परवा. चोवीस तारीख.

कसंबसं सांगतलं — ढगात काहीच नाही, भाऊ. तुमी समजले तो बॅकअप वेगळा, मी विचारत होती तो वेगळा. त्यानं माउस घेऊन दोन-तीन फोल्डर उघडून पाह्यले. मग म्हणे, “तुमाले कधी समजलं?”

“आत्ता,” म्हटलं.

कसं निघालं तोंडातून! ठरवून नाही आली हे बोलायले. पण निघालं, अन् त्यानं मान हलवली. “मग तुमची काय चूक, ताई? इंग्रजी शब्द, मीच अडाणी.”

तेवढ्यात मानीबाई आली, जवळच्या तांड्यावरची. बाप वारला तिचा, तीन तारखेले तेरवी. “खेमसिंग भिया, बाचा फोटो पायजे. घरी एकबी नाही. माह्या भाच्याच्या लग्नात तूच काढलता ना?” इथं असंच चालते. म्हाताऱ्यांचे वेगळे फोटो कोण काढते? माणूस गेला की घरचे स्टुडिओत येतात, खेमसिंगभाऊ कोण्यातरी लग्नाच्या गर्दीतून त्याचा चेहरा शोधते, मोठा करते, फ्रेम करून देते. चाळीस गावांतले म्हातारे त्या डिस्कमध्ये होते. जिवंत आहेत ते बी.

तो तिले म्हणे, “देतो, बाई. दोन दिवस दे.” माझ्याकडं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तर बरं झालं असतं.

२८ एप्रिल

डिस्क पुसदले शंकरसिंगकडं नेली, तो गेलेलं काढून देते. त्यानं पहिलं विचारलं, “पुसल्यावर वरून काही टाकलं?” टाकलं ना. दोन लग्नं. त्यानं तोंड वाकडं केलं. “पुसल्या पुसल्या आणली असती तं नव्वद टक्के निघालं असतं. पुसायच्या आधी कोणी सांगतलं असतं तं सवालच नव्हता.”

मले म्हणे! मलेच!

३० एप्रिल

तीनशे अकरा फोटो निघाले. हजारोंतून. नावं नाहीत, तारखा नाहीत. शंकरसिंगच्या दुकानात बसून एकेक पाह्यला. खेमसिंगभाऊ बाजूले, ‘हा नाही, हा नाही’ करत. बहुतेक फोटो वरून अर्धे बरे, खाली नुसतं राखाडी.

दोनशे कितव्यातरी फोटोवर तो उठूनच उभा राह्यला. “हाच! हाच मानीबाईचा बा!” मांडवाची झालर आली. लाल पागोटं आलं. कपाळ आलं, भुवया आल्या. त्याच्या खाली राखाडी.

शंकरसिंगनं तीनदा प्रयत्न केला. भुवयांच्या खाली काही उतरेना. मले वाटलं, ते कपाळ मलेच पाहून राह्यलं. बाहेर जाऊन ओकली.

खेमसिंगभाऊ मागून आला, पाण्याची बाटली दिली. “एवढं लावून घेऊ नका जीवाले, ताई.” तेव्हा सांगायचं होतं. तोंड उघडलं बी होतं. ‘बावीस तारखेलेच मले’ — इथपर्यंत वाक्य मनात जुळलं होतं. पण तो इतक्या चांगुलपणानं उभा होता की भीती अजूनच वाढली. चिडला असता तर बोलून टाकलं असतं.

१ मे

साहेबांचा फोन नागपूरहून. खेमसिंगभाऊनं स्वतःच त्यांना सांगतलं म्हणे, ‘ताईची चूक नाही, मीच इन्व्हर्टर समजलो.’ साहेब खूश! “मग आपण सुटलो. एक कागद पाठवतो, तो भरून घ्या.”

आपण!

३ मे

तेरवीले नाही गेली. जायची हिंमत नव्हती. खेमसिंगभाऊनं सांगतलं — फोटोच्या जागी पाटावर बापाचं पागोटं ठेवलं, त्यालेच हार घातला. जेवायले बसलेल्या पोरानं विचारलं, आजा कुठं आहे?

आईनं दोनदा विचारलं काय झालं. काही नाही, म्हटलं. आता आईले बी खोटं सांगायची सवय लागली.

५ मे

कागद घेऊन फुलसावंगीले गेली. चौथा रकाना : ‘खाते रिकामे असल्याचे प्रतिनिधीच्या प्रथम केव्हा लक्षात आले.’ बसमध्ये बावीस लिहायचं ठरवलं होतं. सव्वीस लिहिलं.

खेमसिंगभाऊले म्हटलं, वाचून घ्या. त्यानं चष्मा बी काढला नाही खिशातून, सही केली. “तुमी लिहिलं ते बरोबरच असन, ताई.”