लिंबू कागदाला

अण्णा, मी वाटीत लिंबू पिळत होते आणि आई ओट्याला धरून उभी होती, उजवा डोळा मिटून. चुन्याची ट्यूब तोंडाशी सुकली होती. तिनं जोरात दाबली आणि चुना उडून डोळ्यात गेला. तुम्ही गेल्यापासून ती तंबाखू मळते. आधी त्यावरूनच तुमच्याशी भांडायची. "लय झोंबतंय गं," ती म्हणाली. मी लिंबात थोडं पाणी घातलं, कापूस बुडवला आणि तिच्या डोळ्यात पिळला. ती ओरडली नाही. ओटा धरलेली बोटं तेवढी पांढरी झाली.

मला त्या वेळी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर दिसत होतं. तुम्ही पाणी तपासायच्या लॅबमधून घरी येता. हळदीत बुडवून वाळवलेला वहीचा कागद काढता, त्याला चुन्याचं बोट लावता. कागद लाल होतो. वर लिंबाचा थेंब टाकता, पुन्हा पिवळा. "आंबटानं चुना मारला. उरलं काय? क्षार आणि पाणी." मी म्हणते, परत करा. तुम्ही परत करता.

त्याच घरात एकदा तुम्ही हात भाजून आलात. लॅबमध्ये कॉस्टिक सांडलं होतं, चुन्यासारखंच पण जास्त जाळणारं. घरी येऊनही तुम्ही नळाखाली हात धरून बसलात. मी धावत जाऊन लिंबू कापून आणलं. तुम्ही ते हिसकावून मोरीत फेकलंत. "लिंबू कागदाला. माणसाला पाणी, नुसतं पाणी." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. ते वाक्य मी विसरले नव्हते, अण्णा. काल दुपारी ते उशिरा आठवलं. मग मी आईचं डोकं नळाखाली धरलं, पण वाटी रिकामी झाली होती.

नाशिकरोडच्या दवाखान्यात त्यांनी सलाईनची अख्खी बाटली डोळ्यावर सोडली. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून आत एक कागद टेकवला. तो निळा झाला, म्हणजे चुना अजून आत होता. दुसरी बाटली. पुन्हा निळा. आई पडल्या पडल्या म्हणाली, "तुझ्या अण्णांचे कागद इथंपण आले का? लिंबू आणलंस ना बरोबर?" नर्स हसली. तिसऱ्या बाटलीनंतर कागदाचा रंग बदलेना. बुबुळावर मात्र साय धरल्यासारखं झालं होतं.

"घरी लगेच पाणी मारलं ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "भरपूर."

आई ऐकत होती.

हे मी तिच्या खाटेशी बसून औषधांच्या कागदामागे लिहितेय. आधी लिंबू घातलं, हे फक्त तुम्हाला सांगतेय.

आज सकाळी डोळ्यावरची पट्टी काढली. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला लावून समोर दोन बोटं धरली. आई म्हणाली, उजेड आहे. त्यांनी विचारलं, बोटं किती? ती म्हणाली, उजेड आहे.