दातांत धरलेला स्क्रू

बाबा, तुमची गाडी अजून आहे. विकून टाक म्हणून सगळे मागे लागले, पण आई दुसऱ्या कशात बसतच नाही. रिक्षा दिसली की पाय रोवून उभी राहते. तिला पार कंपू भागातल्या दवाखान्यात न्यायचं तर हीच. थंडी सुरू झाली तशी गाडी चढावर धापा टाकायला लागली. मेकॅनिककडे ठेवायची तर अख्खा दिवस जातो, आणि आईला एकटीला सोडून मी जाऊ कुठे? शेवटी बाजारातून नवा एअर फिल्टर आणला आणि रविवारी सकाळी घरासमोरच बॉनेट उघडलं.

आईचं सांगायचं राहिलं. ती आता माझ्याशी हिंदीत बोलते. तुम्हाला हे किती लागेल ते मला ठाऊक आहे. एकदा शाळेतून आल्या आल्या मी ‘मम्मी, भूख लगी है’ म्हटलं, तेव्हा जेवतं ताट बाजूला सारून तुम्ही म्हणालात, ‘हिंदी बाहेर, चपलांपाशी. उंबऱ्याच्या आत मराठी.’ सगळ्या ग्वाल्हेरशी आपण हिंदीत बोललो, दूधवाल्याशी, मास्तरांशी, शेजाऱ्यांशी. घरात पाऊल टाकलं की मराठी. आई तो नियम आजही पाळते. मी तिचे केस विंचरते, भात कालवून भरवते, आणि ती अदबीने म्हणते, ‘आप बहुत अच्छी हैं. आपके घरवाले राह देखते होंगे.’ ती मला बाहेरची समजते, बाबा. मग मी मोरीत जाऊन नळ सोडते आणि रडून घेते. उपयोग काही नाही.

तुमचा रविवार आठवतो. फिल्टर काढायचा, पायरीवर आपटून धूळ झाडायची, उन्हाकडे धरून पलीकडचा उजेड दिसतो का पाहायचं. खंडेनवमीला तर थाटच. पाटावर पणजोबांची तलवार, तिच्या शेजारी तुमचे पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू. मग तुम्ही गाडीकडे वळायचात आणि फिल्टरचा डबा उघडा असतानाच अक्षता उडवायचात. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायची, ‘अहो, आत तांदूळ गेले तर इंजिनात भात शिजेल.’ तुमच्या दातांत स्क्रू. तो खाली पडला की सापडत नाही, म्हणून तुम्ही तो तिथेच धरायचात, आणि कुणी काही विचारलं तर नुसतं ‘हूं’.

त्या रविवारी मीही तसंच केलं. क्लिपा ओढल्या, तो आखूड स्क्रू काढून दातांत धरला. जुना फिल्टर काळाठिक्कर पडलेला, फेकायचाच होता. तरी हात आपसूक पायरीकडे गेला. ठक, ठक. आणि खिडकीतून आवाज आला, ‘अहो, आत अक्षता नाही ना पडल्या?’ मराठीत. तोंडात स्क्रू होता, मी ‘हूं’ म्हटलं. ‘मग हात धुऊन या, चहा टाकते.’ मी स्क्रू काढला आणि तशाच काळ्या हातांनी धावत आत गेले, तिच्यासमोर उभी राहून ‘आई’ म्हटलं. तिने पदर सावरला. ‘आइए, बैठिए. वो बाहर हैं, गाड़ी के पास.’

नवा फिल्टर मी नंतर बसवला. गाडी आता झकास ओढते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. जुना मात्र डिकीत ठेवलाय. त्यातली धूळ केव्हाच संपली, कागदही फाटत चाललाय, तरी दर रविवारी बॉनेट उघडते, तो स्क्रू दातांत धरते आणि जुना फिल्टर पायरीवर आपटते. तेवढा वेळ आई पहिल्यासारखी बोलते. पण तुमच्याशी. मला तुमचा हेवा वाटतो, बाबा. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि तिच्या घरात तुम्ही आहात, मी नाही. डॉक्टर म्हणतात, यातून परत येणं नाही, आता आठवण दिवसेंदिवस कमीच होत जाणार. एक दिवस हा आवाजही तिला ओळखू येणार नाही, आणि मग या घरात मराठी बोलायला कुणीच उरणार नाही. हे कुणापुढे बोलता येत नाही आणि कुठे पाठवायचंही नाही, म्हणून लिहितेय.

आज ती खिडकीतून म्हणाली, ‘अहो, पोरगी अजून आली नाही शाळेतून. बघून येता का जरा?’ स्क्रू काढून ‘आले गं, आई’ म्हणता आलं असतं. पण उत्तर हिंदीत आलं असतं. मी स्क्रू तसाच धरून ठेवला आणि ‘हूं’ म्हटलं.